कथा सर्वांची, शब्द ज्याचा त्याचा

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आमच्या शेजारचा एक तेरा वर्षांचा मुलगा दोनशे पानी वही काखोटीस मारून माझ्याकडे आला, आणि ती वही माझ्यापुढे ठेवून काही न बोलता दाराशी उभा राहिला. वहीच्या पहिल्या चाळीस पानांत कै. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेचे एक नवे साहस लिहिलेले होते. फुरसुंगीच्या या बनेश फेणेला मुलाने पुण्याहून उचलून थेट आमच्या छत्रपती संभाजीनगरास आणले होते. आणि देवगिरीच्या किल्ल्यातील ज्या अंधारीत भर दुपारी आपला हात आपणांस दिसत नाही, त्या अंधारीत चोरांच्या मागावर सोडले होते. शेवटच्या दहाबारा पानांवर हेच साहस चौकटी आखून चित्रांनी सांगितले होते. माणसांच्या तोंडाजवळ फुगे होते व फुग्यांत संवाद होते. बनेशच्या तोंडचा तो प्रसिद्ध ‘ट्टॉक’ मुलाने मोठ्या निष्ठेने सांभाळला होता.

मी वही एका बैठकीत वाचून काढली व विचारले, “पुढचा भाग केव्हा देणार?” मुलगा म्हणाला, “पुढचा भाग नाही, काका. मामा म्हणाले, दुसऱ्याचा नायक घेऊन लिहिणे म्हणजे चोरी. स्वतःचे सुचत नसेल तर माणसाने लिहू नये. म्हणून मी बंद केले.”

मामांचा हेतू वाईट नव्हता. परक्याच्या वस्तूस हात लावू नये, हेच ते भाच्याला शिकवीत होते. परंतु वहीतील राहिलेली कोरी पाने पाहून मला चैन पडेना. आवडत्या लेखकाची पात्रे घेऊन केवळ हौसेखातर नव्या गोष्टी रचण्याच्या या छंदास हल्ली ‘फॅन फिक्शन’ म्हणतात, आणि चौकटींतून सांगितलेल्या चित्रकथेस ‘कॉमिक’ म्हणतात. नावे इंग्रजी असल्यामुळे ही दोन्ही खुळे काल-परवा परदेशांतून आली, असा आपला समज होतो. हा समज कितपत खरा आहे, आणि त्या मुलाने खरोखरच चोरी केली काय, याचा निवाडा करण्यासाठी मी इतिहासाकडे वळलो. त्यासाठी फार लांब जावे लागले नाही. आमच्या शहरापासून शंभर किलोमीटरांच्या आत त्याचे साक्षीदार उभे आहेत. त्यांची साक्ष आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

पहिला साक्षीदार देवगिरीचाच आहे. पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९) हे वयाने लहान असतानाच या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी होते, आणि शिष्याकडे त्यांनी हिशेबाचे काम सोपविले होते. हिशेबात एका पैची चूक आली, ती शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागविली व ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. तिचे स्मरण आपण जागे ठेवू. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या हिशेबनिसाने पुढे जे ग्रंथ रचले, त्यांतील कथा त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. रुक्मिणीचे स्वयंवर भागवतातले. रामाची कथा वाल्मीकीची. नाथांच्या आधी तमिळ भाषेत कंबनाने ती सांगितली होती, आणि नाथांच्या हयातीतच, १५७४ साली, तुलसीदासांनी उत्तरेकडे ‘रामचरितमानस’ रचावयास आरंभ केला होता. तरीही ही कथा आता सांगून झाली, असे नाथांस वाटले नाही. उलट, श्रोत्यांस कथा आधीच ठाऊक आहे हेच त्यांचे बळ होते. राम वनात जाणार, सीतेचे हरण होणार, रावण मरणार, हे ज्याला माहीत आहे त्याचे लक्ष ‘पुढे काय झाले’ इकडे नसते, ‘या वेळी कसे झाले’ इकडे असते. ‘भावार्थरामायण’ हा सात कांडांचा प्रचंड ग्रंथ याच जाणिवेवर उभा आहे.

तो ग्रंथ नाथांच्या हातून पुरा झाला नाही. परंपरा सांगते की, युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत रचना झाली आणि नाथांनी गोदावरीत देह ठेवला. उरलेले काम कोणी करावे? पैठणात पंडितांची वाण नव्हती. पण ते काम गेले गावबाकडे. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या आशेने नाथांच्या घरी येऊन राहिलेला एक मुलगा. त्याला मंत्र शिकविला तर तो म्हणेना. ‘एकनाथ’ एवढा एकच शब्द त्याच्या तोंडी बसला होता. त्या गावबाने राहिलेले रामायण पुरे केले, आणि ते नाथांच्याच वळणाने केले, असे श्रोते पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. आख्यायिकेतील पुरणपोळी बाजूला ठेवली तरी तिचा अर्थ उरतोच. दुसऱ्याची अपुरी कथा पुढे नेण्याचा अधिकार समाजाने विद्वत्तेस दिला नाही, प्रेमास दिला. ज्याला त्या लेखकाच्या नावापलीकडे दुसरे काही येत नव्हते, त्यालाच तो मिळाला.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. नाथांचे लेखन ही भक्ती होती. तिला हौस म्हणणे हे धारिष्ट्य होईल. मलाही तसे म्हणावयाचे नाही. संताची उपासना आणि शाळकरी मुलाचा छंद यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु दोहोंची सुरुवात एका ठिकाणी होते: एखादी कथा इतकी आवडते की ती संपली असे मन मानावयास तयार होत नाही.

आता याच नाथांची दुसरी बाजू पाहू. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ १२९० चा. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून त्यात पुष्कळ फेरफार झाले होते. कोणी शब्द बदलले होते, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घुसडल्या होते. त्यांतील काही लोकांचा हेतू चांगलाही असेल. आपल्या लाडक्या ग्रंथात आपलीही एखादी ओवी असावी, असे त्यांस वाटले असेल. नाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला, आणि शेवटी एक कडक इशारा लिहून ठेवला. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची रिकामी करवंटी ठेवली असे समजावे, असा त्याचा आशय आहे.

श्रोतेहो, या ठिकाणी मी थबकलो. ज्याने वाल्मीकीचे रामायण घेऊन मराठीत हवे तसे वाढविले, ज्याचे राहिलेले रामायण गावबाने पुरे केले, तोच पुरुष ज्ञानेश्वरीत एक ओवी वाढवू देत नाही. यात विसंगती नाही काय? विचाराअंती ध्यानात येते की विसंगती नाही; उलट, आपण शोधत होतो तो न्याय येथेच आहे. नाथांनी रामायण स्वतःच्या ओवीत, स्वतःच्या गुरूंच्या नावाची मुद्रा घालून, नव्याने रचले. वाल्मीकीचा एकही श्लोक त्यांनी खोडला नाही. संस्कृत रामायण होते तेथे होते तसेच राहिले. ज्ञानेश्वरीतील घुसखोर मात्र आपले नाव लपवून ज्ञानेश्वरांच्या शब्दांत आपले शब्द मिसळीत होता. पहिल्याने कथा घेतली. दुसऱ्याने सही घेतली. कथा सर्वांची असते. शब्द मात्र ज्याचे त्याचेच असतात. जो हिशेबनीस एका पैच्या चुकीसाठी रात्र जागला, त्याला एक ओवी जास्त झालेली कशी खपेल?

नाथांच्या घरातच हा न्याय पुढे चालला. त्यांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर याने महाभारत हाती घेतले. त्याची आदि, सभा, वन, विराट व सौप्तिक अशी पाच पर्वे आज आपणांस उपलब्ध आहेत. व्यासांचा तो अनुवाद नव्हे. प्रसंग व्यासांचे, पण त्यांतील वर्णनांचा थाट, नगरे, सभा व माणसांची बोली ही पुष्कळदा मुक्तेश्वराच्या डोळ्यांसमोरच्या महाराष्ट्रातील. त्यास टीकाकारांनी कालविपर्यास म्हटले. म्हणोत बापडे. शेजारच्या मुलाने फेणेला देवगिरीच्या अंधारीत आणले, तोही एक प्रकारचा स्थलविपर्यासच होय.

अठराव्या शतकात खुद्द या शहरात अमृतराय (१६९८–१७५३) होऊन गेले. मध्वमुनीश्वरांचे हे शिष्य कीर्तनात कटाव म्हणत, आणि त्यांच्या कटावांचा विषय पुन्हा तोच: द्रौपदीचे वस्त्रहरण, सुदाम्याचे चरित्र. परंतु यमकांचा पाऊस पाडीत, द्रुत लयीत, मराठीत हिंदुस्थानी मिसळून ते जे म्हणत, ते या मोगली शहराच्या रस्त्यांवरील भाषेला जवळचे होते. तिकडे बारामतीस मोरोपंतांनी तर एकशेआठ रामायणे रचिली म्हणतात. त्यांत ओष्ठ्य अक्षर मुळीच येऊ न देता रचलेले निरोष्ठ रामायण आहे. एकाच कथेशी इतके नाना खेळ मांडणारा पुरुष हौशी नव्हे, तर कोण?

येथवर शब्दांची साक्ष झाली. आता त्या मुलाच्या वहीतील शेवटच्या पानांकडे, म्हणजे चित्रांकडे वळू.

शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर अजिंठा आहे. तेथील दहाव्या लेण्यात षड्दंत हत्तीची जातककथा भिंतीवर लांब पट्ट्यासारखी चितारली आहे. ती अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी असून, इसवी सनापूर्वीच्या काळात तिची गणना होते. सतराव्या लेण्यातील विश्वंतराची कथा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक हरिषेणाच्या काळची. दान देण्याचे व्रत घेतलेला हा राजपुत्र राज्याचा हत्ती देतो, वनवासास निघतो, रथ देतो, घोडे देतो, आणि शेवटी आपली मुलेही देऊन टाकतो. भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. चौकटी आखलेल्या नाहीत. एखादा खांब, एखादे दार, एखादे झाड एका प्रसंगास दुसऱ्यापासून वेगळे करते. डीटर श्लिंगलॉफ या जर्मन पंडिताने दाखविले आहे की, ही चित्रे पुष्कळदा काळाच्या क्रमाने मांडलेली नसून स्थळाच्या क्रमाने मांडलेली आहेत. राजवाड्यात निरनिराळ्या वेळी घडलेले प्रसंग एकत्र, वनात घडलेले एकत्र. अशी भिंत वाचावयाची तर पाहणाऱ्याला कथा आधीच यावी लागते. म्हणजे चित्रकारानेही नाथांप्रमाणेच ठाऊक असलेल्या कथेवर भिस्त ठेवली.

दुसऱ्या लेण्यात याहून मौजेची गोष्ट आहे. तेथील काही चित्रांजवळ आर्यशूराच्या ‘जातकमाला’ या ग्रंथातील श्लोक लिहिलेले आहेत. आर्यशूराने स्वतः जुन्या जातककथा घेऊन त्या नव्या संस्कृतात सांगितल्या होत्या. त्याच्या सांगण्यावरून चित्रकाराने आपले चित्र काढले. आणि शब्द द्यावयाची वेळ आली तेव्हा ते आर्यशूराचे म्हणून उतरून घेतले. कथा हातोहात फिरली, श्लोक मात्र ज्याचा त्याचा राहिला.

याच्या उलट उदाहरणही अजिंठ्यातच सापडते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात या लेण्यांपाशी पोचला. जगास विसर पडलेली ही चित्रे पुन्हा उजेडात येण्यास तो निमित्त झाला, हे त्याचे श्रेय. पण त्याच वेळी दहाव्या लेण्यातील खांबावरच्या चित्रावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. अमृताच्या ताटात ठेवलेली करवंटी कशी दिसते, हे ज्याला डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्याने तो खांब पाहावा.

शहराजवळ, तीस किलोमीटरांवर, वेरूळ आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी एका खडकातून कोरून काढलेल्या कैलास मंदिराच्या दक्षिण अंगास रामायण आहे, उत्तर अंगास महाभारत व कृष्णचरित्र. तेथे प्रसंग एकाखाली एक अशा ओळींत मांडलेले आहेत. पुस्तकाचे पान वाचावे तशी ती भिंत नजरेने वाचता येते. मुलाच्या वहीतील चौकटींचे हे दगडी पूर्वज होत.

दगडावरची व भिंतीवरची ही कथा पुढे कागदावर उतरली आणि गावोगाव हिंडू लागली. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात येतो. आपल्याकडे हे लोक चित्रकथी म्हणून ओळखले जातात. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजातील काही घराण्यांनी ही विद्या आजवर टिकविली आहे. आणि पैठणच्या नावाने ओळखली जाणारी तशीच चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. एका कथेची चित्रे म्हणजे एक पोथी. दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटवावयाची, पाटीला टेकवून एकामागून एक दाखवावयाची, आणि वाद्याच्या साथीने कथा गावयाची, असा हा प्रकार. चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे मोठे, योद्धे एकमेकांसमोर ठाकलेले. कथांमध्ये राम-लक्ष्मणांना पाताळात नेणाऱ्या अहिरावण-महिरावणांसारख्या, वाल्मीकीच्या रामायणात न सापडणाऱ्या कथाही असत. रावण मरणार हे ठाऊक असलेल्या श्रोत्यास मधेच आणखी एक संकट हवे असते, आणि सांगणारा ते पुरवितो. चित्रकथ्याचे ते पोट होते, छंद नव्हे. परंतु नवा प्रसंग जोडण्याची वृत्ती तीच.

छापखाना आल्यावर या वृत्तीस नवे हात मिळाले. केवळ हौसेने चित्रकथा काढणाऱ्यांत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. राज्यकारभार सांभाळून ते कीर्तन करीत आणि स्वतः चित्रे काढीत. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये छापून निघाले. पुढे चित्रकारांस बरोबर घेऊन ते अजिंठ्यास आले, आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. राजाने दुसऱ्याची कथा चितारली म्हणून त्यास कोणी चोर म्हटले नाही.

१९५२ मध्ये ‘चांदोबा’ मराठीत निघू लागला. त्यातील राजा विक्रम व वेताळ यांची मालिका मुलांच्या किती पिढ्यांनी वाचली! मूळ वेताळकथा पंचवीस. मासिकातील लेखकांनी त्याच झाडावरचे तेच प्रेत राजाच्या त्याच खांद्यावर देऊन शेकडो नव्या कथा रचल्या, आणि वाचणाऱ्या मुलास सांधा कोठे आहे हे कधी कळले नाही. १९६७ पासून अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ सुरू केली, तिचाही पाया पुराणांतील व इतिहासातील ठाऊक कथांचाच होता.

आता कायद्याविषयी दोन शब्द, कारण मामांच्या बोलण्यात तथ्यांश आहे तो येथे. व्यास-वाल्मीकींचे वारस परवानगी मागावयास येत नाहीत. आपल्या काळच्या लेखकाचे तसे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत व निधनानंतर साठ वर्षे टिकतो. भागवत २००१ मध्ये निवर्तले. म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०६१ अखेरपर्यंत राहणार. तेव्हा वहीत लिहून मित्रांस वाचावयास देणे निराळे, आणि पुस्तक छापून विकणे निराळे. विकावयाचे तर हक्कदारांची संमती घेतली पाहिजे. कायदा हा कल्पनेचा नव्हे, मांडणीचा रक्षक आहे, असे कायदेपंडित सांगतात. नाथांनी करवंटीचा दृष्टांत देऊन आखलेली रेघ यापासून फार दूर नाही.

म्हणून, श्रोतेहो, माझा निवाडा मी त्या मुलास सांगितला. त्याने भागवतांचे पान फाडले नाही, त्यांच्या वाक्यांत आपली वाक्ये लपविली नाहीत. त्यांच्या नायकास घेऊन तो आपल्या गावच्या किल्ल्यावर गेला, आणि अंधारीतील वटवाघळांचा वास, ओल्या दगडाचा स्पर्श, पुढच्या माणसाचा सदरा धरून टाकलेले पाऊल, हे जे त्याने लिहिले ते भागवतांच्या पुस्तकांत नाही. ते त्याने स्वतः अनुभवले आहे. उसन्या नायकाचे बोट धरून तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास शिकत होता. असे शिकता शिकता एखादे दिवशी ते बोट आपोआप सुटते आणि स्वतःचा नायक जन्मास येतो. कित्येकांचे ते कधीच सुटत नाही. त्यांनीही खंत करू नये. गावबाचे सुटले नव्हते.

एक दुरुस्ती मात्र मी सुचविली. वहीच्या पहिल्या पानावर त्याने फक्त स्वतःचे नाव घातले होते. मी म्हटले, “याच्या वर लिही: नायक भा. रा. भागवतांचा. मग खाली तुझे नाव. आणि ही वही आधी मामांना वाचावयास दे.” त्याने माझ्याच टेबलावर बसून तसे लिहिले. मामांचे मत काय झाले, ते मला अद्याप कळलेले नाही. परंतु परवा तो पुन्हा दाराशी उभा होता. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील जॉन स्मिथची सही नेमक्या कोणत्या खांबावर आहे, हे त्याला हवे होते. फेणेला आता तिकडे जावयाचे आहे.